साठ खोल्यांचं हॉटेल: पाणी नेमकं कुठे मुरतं?

हॉटेलच्या पलंगावर ठेवलेलं ते कार्ड सगळ्यांच्या ओळखीचं आहे. हिरवं पान, पाण्याचा थेंब आणि विनंती: टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर टांगून ठेवा. पाहुणा टॉवेल नीट टांगून कामाला जातो आणि संध्याकाळी परततो तर तिथे नवीन टॉवेल, घडी घालून. यात रूम बॉयचा दोष नाही. फ्लोअर सुपरवायझरच्या चेकलिस्टमध्ये 'वापरलेला टॉवेल बदलला' अशी ओळ आहे आणि त्यावर टिक नसेल तर बोलणी त्यालाच बसतात. ती ओळ खोडली तर कार्डाला अर्थ. नाहीतर छपाईचा खर्च तेवढा वाढला.

पण कार्ड हा किरकोळ मामला आहे. हॉटेलचं खरं पाणी आणि खरी वीज जाते ती पाहुण्याला कधीच न दिसणाऱ्या जागी: गच्चीवर, किचनच्या फरशीखाली आणि तळघरात. म्हणून ही पोस्ट तिथलीच. हिशेबासाठी नवी मुंबईच्या वाशी-तुर्भे-महापे पट्ट्यात असतं तसं एक हॉटेल धरू. ६० खोल्या, एक रेस्टॉरंट, एक बँक्वेट हॉल, सोमवार ते गुरुवार कंपन्यांचे पाहुणे, शनिवार-रविवार साखरपुडे आणि वाढदिवस. सरासरी ४२ खोल्या भरलेल्या, दिवसाला साधारण ६० आंघोळी.

पहिलं काम मीटर. बहुतेक हॉटेलांत पाण्याचा मीटर एकच असतो, तोही महापालिकेचा किंवा एमआयडीसीचा, गेटजवळ, झाकणाखाली. मोरबे धरणाचं असो की बारवी धरणाचं, आत आलेलं पाणी पुढे कुठे गेलं हे त्यावरून कळत नाही. खोल्यांची थंड लाइन, गरम पाण्याच्या टाकीत जाणारी लाइन, किचन, लाँड्री आणि टँकर ओतायची जागा, अशा पाच ठिकाणी मीटर बसवा. टँकरचा मीटर हमखास विसरला जातो आणि नेमक्या तिथेच दहा हजार लिटरच्या बिलावर आठ हजार लिटर उतरतात.

मीटर बसला की पहाटे २ ते ४ या वेळेतला आकडा घ्या. पाहुणे झोपलेले, किचन बंद, लाँड्री बंद. काटा जवळपास थांबायला हवा. तो तासाला ३०० लिटर सरकत असेल तर दिवसाला ७,२०० लिटर नुसती गळती आहे. एक काळजी घ्यायची: मीटर ओव्हरहेड टाकीच्या पुढच्या लाइनवर हवा. टाकीच्या आधी असेल तर पंप चालू होऊन टाकी भरते तेही त्यात धरलं जातं आणि आकडा फसवतो.

रात्रीची गळती सापडते ती बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीत. शोधायची पद्धत फुकट आहे. किचनमधला खाण्याचा रंग टाकीत चार-पाच थेंब टाकायचा, फ्लश करायचा नाही, १५ मिनिटांनी भांड्यात बघायचं. रंग उतरला असेल तर खालचं रबरी सील गेलं. ही सीलं लवकर जाण्याचं एक कारण हाउसकीपिंग स्वतःच टाकीत टाकत असतं, ते म्हणजे निळी गोळी. क्लोरीन असलेल्या गोळीने रबर कडक होतं, कडा वाकतात आणि पाणी झिरपू लागतं. गोळी हवीच असेल तर भांड्याच्या कडेला अडकवायची मिळते, ती घ्या.

आता शॉवर. १० लिटरची बादली आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच. बादली ४० सेकंदांत भरली तर शॉवर मिनिटाला १५ लिटर सोडतोय. ९ लिटरच्या शॉवरला तीच बादली भरायला सुमारे ६७ सेकंद लागतात. आठ मिनिटांच्या आंघोळीत १२० लिटर आणि ७२ लिटर असा फरक पडतो. ६० आंघोळींचे दिवसाला २,८८० लिटर वाचतात. पण खरेदी खात्याने कॅटलॉग बघून सगळीकडे ९ लिटरचे शॉवर मागवू नयेत. वरच्या दोन मजल्यांना गच्चीवरच्या टाकीतून फक्त उतारावर पाणी मिळत असेल तर तिथे दाब मुळातच कमी असतो. तिथे ९ लिटरच्या शॉवरमधून ५ लिटरच येतं, पाहुणा रिसेप्शनला फोन करतो आणि मेंटेनन्सवाला शॉवरमधली प्लॅस्टिकची चकती काढून फेकतो. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आधी वरच्या मजल्यांना छोटा बूस्टर पंप, मग शॉवर. बेसिनच्या नळांना मिनिटाला ३ ते ४ लिटरचा एरेटर (धारेत हवा मिसळणारी तोंडाची जाळी) पुरतो. किचनमध्ये पातेलं भरायच्या नळाला मात्र लावू नका, तिथे पाणी तेवढंच लागतं, फक्त आचारी चिडतो.

शॉवरमधून वाचलेलं पाणी नुसतं पाणी नाही, त्यात वीजही आहे. गरम पाणी ६० अंशांवर साठवलेलं, नळाचं पाणी २७ अंशांचं आणि आंघोळीचं ४० अंशांचं धरलं, तर शॉवरमधल्या पाण्यापैकी साधारण ४० टक्के गरम टाकीतलं असतं. १२० लिटरच्या आंघोळीला ४७ लिटर, ६० आंघोळींना साधारण २,८०० लिटर, हात धुणं वगैरे धरून ३,००० लिटर. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॉट-तास लागतात. ३,००० लिटर, ३३ अंश, म्हणजे रोज ११५ युनिट. खोलीखोलीत गीझर असेल तर हे ११५ अधिक दिवसभर गीझर गरम ठेवण्यात जाणारी वीज, सगळं महावितरणच्या बिलात.

हीट पंप हे पाणी सुमारे ३८ ते ४० युनिटांत तापवतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून घेतो. नवी मुंबईची दमट, उबदार हवा त्याला फार मानवते. काश्मीरमध्ये जे यंत्र धापा टाकेल ते इथे डिसेंबरातही आरामात चालतं. १० किलोवॅट उष्णता देणारा पंप ११५ युनिटांचं काम साडेअकरा तासांत करतो. त्याच्या दुप्पट मोठा पंप घ्यायची गरज नाही, गरज आहे ती मोठ्या टाकीची. निम्म्याहून जास्त आंघोळी सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात होतात. टाकी निदान २,००० लिटरची हवी, म्हणजे पंप रात्रभर हळूहळू भरत राहील.

हीट पंप फसतात ते बसवताना. गच्चीवर जागा नाही म्हणून डक्टमध्ये कोंबला तर पंपाने सोडलेली थंड हवा तोच पुन्हा ओढतो आणि युनिटं वाढत जातात. समोर आणि मागे मोकळी हवा हवीच. ती थंड हवा वाया घालवण्यापेक्षा डक्टने लाँड्रीत सोडली तर तिथली माणसं दुवा देतील. दुसरी गोष्ट खाडीची. खारी हवा आणि औद्योगिक पट्ट्यातली हवा मिळून अॅल्युमिनियमच्या फिन्स (पंपातल्या पातळ पट्ट्या) खातात. लेप दिलेल्या फिन्स मागा आणि महिन्या-दोन महिन्यांनी साध्या पाण्याने धुवा, प्रेशर पंपाने नव्हे, त्याने फिन्स वाकतात. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा काढून बघा. झिजून नुसती तार उरली असेल तर पुढची पाळी टाकीच्या पत्र्याची.

बचतीच्या उत्साहात टाकीचा थर्मोस्टॅट ४५ अंशांवर आणणं हा प्रकार सर्रास दिसतो. तो करू नये. कोमट साठलेल्या पाण्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. साठवण ६० अंश, परतीच्या लाइनवर ५० च्या खाली नाही. बरेच दिवस रिकाम्या राहिलेल्या खोलीत आठवड्यातून एकदा दोन्ही नळ काही मिनिटं सोडून द्यायचे. इथे पाणी वाचवायचं नाही.

परतीची लाइन म्हणजे गरम पाणी सतत फिरतं ठेवणारा पाइप. ती नसेल तर पाहुणा गरम पाण्याची वाट बघत थंड पाणी सोडून देतो. २० मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर पाइपात पावणेपाच लिटर पाणी असतं, दर वेळी तेवढं गेलं. आणि लाइन असूनही एखाद्या मजल्यावर पाणी कोमटच येत असेल तर पंपाला शिव्या देण्याआधी त्या मजल्यावरचे हँड शॉवर तपासा. दांड्यावर बंद करायचं बटण असलेला शॉवर असेल आणि पाहुण्याने मिक्सर (गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ) उघडाच ठेवून नुसतं बटण बंद केलं, तर मिक्सरच्या आत थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. एका खोलीतला उघडा मिक्सर अख्खा मजला थंड करतो. दोन्ही बाजूंना पाणी उलटं जाऊ न देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवले की तक्रार बंद.

सोलर? आठ महिने उत्तम. १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटर पॅनेल लागतं, ३,००० लिटरला ६० चौरस मीटर मोकळी गच्ची. जून ते सप्टेंबर ढग असतातच, त्यामुळे सोलर पुढे आणि हीट पंप मागे अशी जोडणी. सोलरच्या मागे साधी विजेची कॉइल लावली तर पावसाळ्याचे चार महिने वर्षाची कमाई खातात.

आता किचनच्या फरशीखाली. इथे थोडं थांबू, कारण हॉटेल पर्यावरणाचं सर्वांत जास्त नुकसान इथून करतं आणि कुठल्याच माहितीपत्रकात याचा फोटो नसतो.

भांडी घासायच्या मोरीतून तेल, तूप, लोण्याचा अंश, डाळीचा गाळ आणि साबण एकत्र जातो. तो अडवायला ग्रीस ट्रॅप. पाणी संथ झालं की तेल वर तरंगतं, मिसळीवर तर्री येते तसं, आणि गाळ खाली बसतो. मधलं पाणी पुढे जातं. हे व्हायला वेळ लागतो, निदान अर्धा तास. तीन सिंक प्रत्येकी मिनिटाला १५ लिटर, म्हणजे मिनिटाला ४५ लिटर. अर्ध्या तासाचे १,३५० लिटर. एवढी टाकी हवी. प्रत्यक्षात सिंकखाली ५० लिटरची स्टीलची पेटी असते. त्यात पाणी जेमतेम एक मिनिट थांबतं. ती पेटी चमचे अडवते, तेल नाही.

दुसरी चूक डिशवॉशरची. त्याचं शेवटचं पाणी ८२ अंशांच्या आसपास असतं. ते थेट ट्रॅपमध्ये सोडलं की साठलेली चरबी वितळते आणि पाण्याबरोबर पुढे निघून जाते, मग २० मीटरवर चेंबरमध्ये गार होऊन दगडासारखी गोठते. डिशवॉशरची लाइन ट्रॅपच्या पुढे जोडा किंवा आधी पाणी गार होऊ द्या. तिसरी चूक कॉस्टिक सोड्याची किंवा 'चरबी खाणाऱ्या' पावडरीची. चरबी खाल्ली जात नाही, पुढे ढकलली जाते. तुमचा चेंबर मोकळा होतो, रस्त्यावरचा तुंबतो.

साफ कधी करायचा? काठी बुडवून बघायची. वरचा तेलाचा थर आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्श्यावर गेले की त्याच दिवशी. बँक्वेटचा हंगाम असेल तर आठवड्याला सुद्धा. वेळापत्रकापेक्षा काठीवर विश्वास ठेवा. काढलेला मैला ड्रममध्ये भरून परवानाधारक उचलणाऱ्याला द्यायचा. रात्री मागच्या बाजूच्या पावसाळी गटारात ओतायचा नाही. नवी मुंबईत मलवाहिन्या वेगळ्या आणि पावसाळी नाले वेगळे. मलवाहिनीतलं पाणी प्रक्रिया केंद्रात जातं, पावसाळी नाल्यातलं धारण तलावांतून खाडीत. फ्लेमिंगोंसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झालेली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेली ठाणे खाडी ती हीच. पार्किंगची फरशी साबणाने धुतलेलं पाणीही त्याच वाटेने जातं, हे कित्येक मॅनेजरांना माहीत नसतं.

तळणीचं तेल मोरीत जाऊच नये. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमानुसार १ जुलै २०१८ पासून तेलातील एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल बाद. हातात धरायचा मीटर मिळतो, तेल गरम असतानाच बुडवायचा. रंग बघून ठरवणारा आचारी चुकतो, कारण हळदीच्या भज्यांनी तेल लवकर काळवंडतं आणि साध्या पुऱ्यांचं तेल पिवळं दिसूनही गेलेलं असतं. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंदवही ठेवून ते अधिकृत संकलकाला द्यायचं असतं. त्यातून बायोडिझेल होतं.

ओला कचरा. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणारे 'मोठे निर्माते' मानले गेले आणि ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवणं त्यांच्यावर आलं. बँक्वेटच्या दिवशी हा आकडा आपलं हॉटेल सहज ओलांडतं. पण यंत्र घेण्याआधी पंधरा दिवस तीन बादल्या वेगळ्या तोला: चिरताना निघालेलं, बुफेत उरलेलं, ताटात टाकलेलं. दुसरी बादली जड असेल तर दुखणं कचऱ्याचं नाही, बुफेचं आहे. साडेनऊनंतर मोठी भांडी काढून छोटी लावा, पोहे-उपमा शेवटच्या अर्ध्या तासात ऑर्डरप्रमाणे द्या. नाश्ता दहापर्यंत असला तरी नऊ पन्नासला भरलेलं भांडं कोणासाठी?

उरलेल्याचं खत करायचं तर शत्रू पाणी. हॉटेलच्या उष्ट्यात रस्सा इतका की चार भागांतले तीन पाणीच. आधी जाळीच्या टपात १५ मिनिटं निथळू द्या. निथळलेल्या १०० किलोंना २५ ते ३० किलो सुका लाकडी भुसा किंवा कोकोपीट मिसळा. मूठ घट्ट दाबली की बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार नको. ढीग आतून ५५ अंशांपर्यंत तापला की समजा जमलं. अमोनियाचा वास आला तर भुसा कमी पडला, सडक्या अंड्याचा आला तर हवा कमी पडली. भुसा मे महिन्यातच भरून कोरड्या जागी ठेवा. जुलैत मिळतो तो भुसा स्वतःच ओला असतो. '२४ तासांत खत' म्हणणारी यंत्रं कचरा वाळवून त्याची पूड करतात. ती पूड कुंडीत घालून पाणी दिलं की दोन दिवसांत बुरशी येते आणि झाड मरतं. पुढे निदान दोन-तीन आठवडे मुरवायला लागतंच, आणि वाळवायची वीज वेगळी.

जागा असेल तर बायोगॅस. खाडीपलीकडे मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला निसर्गऋण संयंत्राचा आराखडा अशाच कचऱ्यासाठी आहे. पहिल्या टाकीत हवा आणि गरम पाणी देऊन कचरा मऊ करायचा, दुसऱ्यात हवेविना गॅस. १०० किलो अन्नकचऱ्यातून साधारण ८ ते १० घनमीटर गॅस, म्हणजे ४ किलोच्या आसपास एलपीजीचं काम. १९ किलोचा सिलिंडर पाच दिवसांनी एक वाचला. हाडं, अंड्याची टरफलं, करवंट्या आणि कांद्याच्या साली घालायच्या नाहीत. लिंबाची सालंही बेताने, आंबटपणा वाढला की गॅस बंद पडतो.

लाँड्री थोडक्यात. रोज ४२ खोल्यांचे १७० किलो कपडे, किलोला २० लिटर धरले तर ३,४०० लिटर पाणी. २५ किलोच्या मशीनमध्ये १५ किलो टाकले तरी पाणी जवळपास तेवढंच जातं, म्हणून मशीनशेजारी वजनकाटा हवा. शेवटच्या विसळण्याचं पाणी ५०० लिटरच्या टाकीत अडवून पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरा. साबणाचा अल्कलीपणा मारणारं सौम्य आम्ल शेवटी घालणं वगळलं तर चादरी पिवळ्या पडतात, मग त्या पुन्हा धुतल्या जातात.

लाँड्रीतलं ब्लीच भरभरून हॉटेलच्या स्वतःच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गेलं की तिथले जिवाणू मरतात. रात्री वीज वाचवायला तिथल्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद केला तरी तेच. त्या हवेच्या (एअरेशन) टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून ३० मिनिटं ठेवा. तपकिरी गाळ खाली आणि वर नितळ पाणी दिसलं तर ठीक. गाळ वर तरंगला किंवा पाणी गढूळच राहिलं तर आदल्या दोन दिवसांत काय ओतलं ते लाँड्रीला विचारा. हे पाणी फ्लशला वापरायचं तर पाइपाचा रंग वेगळा आणि पिण्याच्या लाइनशी कुठेही, अगदी 'तात्पुरती' सुद्धा, जोडणी नाही.

एसीबद्दल दोनच गोष्टी. दाराजवळच्या की-कार्डच्या खाचेत कुठलंही कार्ड चालतं, आणि पाहुण्यांनाही ते कळलेलं आहे. व्हिजिटिंग कार्ड खोचून ते ऑफिसला जातात. खोलीचंच कार्ड ओळखणारी खाच घ्या, आणि फ्रिजची लाइन त्यातून वगळा, कोणाचं इन्सुलिन आत असू शकतं. दुसरं, रिकाम्या खोल्या उन्हाळ्यात पूर्ण बंद ठेवा, पण जुलैत नाही. आठवडाभर बंद खोलीत गादीच्या मागे बुरशी धरते. रोज तासभर ड्राय मोडवर चालवणं पुन्हा रंग आणि गाद्या करण्यापेक्षा स्वस्त.

प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी काचेच्या बाटल्या भरायच्या ठरवल्या तर त्या गरम पाण्याने ब्रश मारून धुवा, उलट्या वाळवा, झाकणावर कागदी सील आणि भरल्याची तारीख लावा. सील नसेल तर पाहुणा बाटलीला हात न लावता खालून विकत आणतो. आरओमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला टाकीत घ्या. आणि यूव्हीचा दिवा बदला. तो निळा दिसत राहतो म्हणून कोणी बदलत नाही, पण ८,००० ते ९,००० तासांनंतर, म्हणजे साधारण वर्षभराने, त्याच्यातली जिवाणू मारणारी ताकद उतरलेली असते, उजेड तेवढा उरतो. बसवताना त्याच्या डब्यावर मार्करने तारीख लिहून ठेवा.